दिवेआगरच्या वाळूत मी खणलेला झिरा

समुद्राला जायचं ठरवलं सुनेनं, गाडी काढली लेकानं आणि बोलणी खाल्ली मी. कारण मी पहिल्याच दिवशी म्हणलं होतं, पोरगी बादलीला भ्याली म्हणून तिला समुद्र दाखवायचा, हे म्हणजे मांजरीनं ओरबाडलं म्हणून वाघाच्या पिंजऱ्यात नेण्यासारखं झालं. कुणी ऐकलं नाय. घरात माझं ऐकणारी दोनच माणसं, सहा वर्षांची ओवी आणि तीन वर्षांचा शंभू. त्यांना गाडी चालवता येत नाय.

ओवीचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळंल. मागच्या उन्हाळ्यात तिला एका वॉटरपार्कात नेलं होतं. तिथं उंचावर भलीमोठी बादली टांगलेली. ती भरली की आपोआप कलंडते आणि खालच्यांच्या डोक्यावर ओतते. लोक पैसे मोजून तिच्याखाली उभे राहतात, आता बोला. आमची पोरगी बेसावध उभी होती. सगळं पाणी हिच्या टाळूवर. तेव्हापासून तिनं डोक्यावर तांब्याभर पाणी घेतलं नाय. तांब्या वर उचलला की किंचाळते, न्हाणीच्या दाराला धरून बसते. अंगाला कसंबसं फडकं लावायचं, केस ओल्या टॉवेलानं पुसायचे. वर्ष झालं. पोरीच्या केसांत उवा झाल्या, शाळेत कुणी शेजारी बसेना, आणि माझी सून शीतल रडकुंडीला आली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, जबरदस्ती करू नका, पाण्याशी मैत्री होऊ द्या.

आता मैत्री करायला आमच्याकडं पाणी कुठंय? आम्ही राहतो चिकलठाण्याला. डोक्यावरून दिवसातून चारदा विमान जातं, नळाला पाणी मात्र पाच दिवसांनी येतं. आलं की बाई देवपूजा सोडून टाकीकडं पळते. म्हणून शीतलनं मोबाइलमधी समुद्र शोधला. दिवेआगर, कोकणात.

मला आनंद झाला नाय असं म्हणणार नाय. दोन्ही नातवंडं चार दिवस माझ्या मांडीवर. त्यासाठी समुद्र काय, कुणी सिमेंटच्या कारखान्यात नेलं असतं तरी गेले असते. मी चौथी शिकले. हे सगळं फोनमधी बोलून लिहिलंय. शीतलनं काना-मात्रा नीट केल्या, पण माझी वाक्यं सोवळ्यात बसवायची नायत, असं तिला बजावलं होतं. ज्यांना लेकरं घेऊन जायचंय त्यांच्यासाठी लिहिते. नीट वाचा आणि मग ठरवा.

पहाटे साडेचारला निघालो. गाडीत आम्ही पाचजण, दोन बॅगा आणि माझे वीस-वीस लिटरचे दोन पाण्याचे जार. संतोष, म्हणजे माझा लेक, म्हणाला, माय, समुद्राला पाणी घेऊन चाललीस का? मी म्हणलं, व्हय. परमुलखातलं पाणी लेकरांना बाधतं. शिवाय चाळीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दुधातल्या दशम्या. हे सोबत घ्याच, का ते पुढं कळंल.

अहिल्यानगरपर्यंत रस्ता बरा. पोरं झोपलेली, बाहेर उजाडायला लागलेलं, ओवीचं डोकं माझ्या मांडीवर. तेवढा प्रवास संपूच नये असं वाटलं. पुढं शिरूर सोडलं आणि वाघोलीपासून पुण्यापर्यंत जे अडकलो ते दीड तास. त्यात सीएनजीची रांग वेगळी. पुण्याची माणसं गाडीत बसूनच म्हातारी होत असतील. ताम्हिणी घाटाचं लई कौतुक ऐकलं होतं. धबधबे, धुकं. मे महिन्यात तिथं काय असणार? उघडे डोंगर आणि वळणं. शंभू तिसऱ्या वळणाला ओकला, सातव्याला परत ओकला. घाटाआधी लेकरांना दूध पाजू नका, आवळा-सुपारी तोंडात द्या. माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला पोचायला दुपारचे साडेतीन झाले. अकरा तास. एवढ्या वेळात मी माहेरी जाऊन भांडून परत आले असते.

माहेर माझं फर्दापूरच्या पलीकडं, वाघूर नदीच्या काठी. ते ध्यानात ठेवा, त्याचं काम पुढं आहे.

राहायला एका सुपारीच्या वाडीतलं घर घेतलं होतं. एसीची खोली अडीच हजार रोज. मोबाइलमधी लिहिलं होतं की खिडकीतून समुद्र दिसतो. खिडकीतून शेजाऱ्याचा संडास दिसत होता. त्याच्या छपरावर चढलं तर समुद्र दिसला असता, नाय म्हणत नाय. घरमालकीण वैनी मात्र गोड बाई. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असंल, पण मला आजी आजी करत पाय धुवायला पाणी आणून दिलं. तिच्या आडाला काठोकाठ पाणी, मे महिन्यात. मी वाकून बघितलं. असल्या माणसांना आपण काय सांगणार.

जेवणाचं सांगते. शाकाहारी ताट दोनशे, मासळीचं साडेतीनशे. आम्ही मटण खाणारी माणसं, पण मासळी म्हणजे काट्यांचं काम. एक घास खायचा आणि पाच मिनिटं तोंडात बोट घालून बसायचं. जेवण थंड, माणूस गरम. संतोषनं मोठ्या हौशीनं सुरमई मागवली आणि शेवटी माझ्या चटणीशी भात खाल्ला. भाकरी तांदळाची. पांढरी, मऊ, चवीला कागद. सोलकढी म्हणून गुलाबी पाणी देतात. उकडीचे मोदक चांगले होते, खोटं कशाला बोलू, तीन खाल्ले. पण रात्री अकरा वाजता अख्ख्या कुटुंबानं धपाटे काढले तेव्हा कुणी मला हसलं नाय.

आणि घाम! आमच्याकडचं ऊन चटका देतं, पण इमानदार आहे. सावलीत गेलं की सोडतं. इथला उकाडा सावलीतही मागं येतो, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा.

पहिल्या संध्याकाळी समुद्रावर गेलो. सुरूच्या झाडांमधून बाहेर आलं की समोर एकदम पाणीच पाणी. बघितलं. पाच मिनिटं बघितलं. मग पुढं काय? पाणी येतंय, जातंय. एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाय. आमच्या पैठणच्या धरणाचं पाणी बरं, दिसतं तसं असतं आणि पिकाला चालतं. लोक पाण्याकडं पाठ करून फोटो काढत होते. दोन पोरी एकच नाच आठ वेळा नाचल्या, प्रत्येक वेळी फोन बघायच्या आणि तोंड पाडायच्या. घोडागाडीची एक चक्कर शंभर रुपये. घोड्याचं तोंड बघून मला त्यालाच शंभर रुपये द्यावेसे वाटले.

शंभू चड्डी काढून सरळ पाण्यात पळाला, त्याला भीती ठाऊकच नाय. ओवी माझ्या पदराला धरून उभी. पाण्यापासून पन्नास पावलं लांब. शीतलनं दीडशे रुपयांची फुगवायची ट्यूब घेतली, बदकाच्या तोंडाची. ओवीनं बदकाला हात लावला, बास. संतोष म्हणाला, असं लाड करून काय होणार नाय, एकदा भिजली की भीती जाईल. मी नको म्हणायच्या आत त्यानं पोरीला खांद्यावर उचललं आणि धावत पाण्यात गेला. लाट आली. पोरगी अशी किंचाळली की नाचणाऱ्या पोरी थांबल्या. तिनं बापाच्या कानाला चावा घेतला. खरंच घेतला, रक्त आलं. त्यानं आणून माझ्या हातात दिली तर सगळं अंग थरथरत होतं, दातावर दात. मी तिला पदरात गुंडाळून वाळूत बसले. संतोष लांब उभा राहून कान पुसत होता. त्याला काय बोलावं? बोलले. बरंच बोलले. ते इथं लिहीत नाय.

त्या रात्री ओवी बापाशी बोलली नाय. पोरं झोपल्यावर शीतल पायरीवर येऊन बसली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ती म्हणाली, "आत्या, उद्या नाय जमलं तर परवा सकाळीच परत फिरू. होतं त्याहून वाईट केलं मी. आता ती पाण्याच्या आवाजालासुद्धा भिईल."

मी म्हणलं, झोप. दुसरं मला काय येतं?

सकाळी आठला परत गेलो, उन्हाच्या आत. बघते तर समुद्र आटलेला. काल संध्याकाळी पाणी केवढं वर होतं, आता लांबच्या लांब ओली वाळू. मी संतोषला म्हणलं, बघ, कोकणातसुद्धा मे महिन्यात पाणी आटतंच. त्यानं सुजलेला कान चाचपला. मी ओल्या वाळूवर चटई टाकली, धपाट्यांचा डबा ठेवला, चपला काढून ओळीनं लावल्या. ओवी चटईच्या मधोमध बसली, पाय पोटाशी घेऊन.

शंभू तासाभरात वाळूनं असा माखला की ओळखू येईना. काठावर एक पत्र्याची खोली होती, तिथं गोड्या पाण्याची अंघोळ पन्नास रुपये, नुसते पाय धुवायचे वीस. माझं डोकंच फिरलं. आम्ही टँकर विकत घेतो, खरं आहे. पण आमच्याकडं पाणी नाय म्हणून घेतो. ज्याच्या दारात आभाळाएवढं पाणी त्यानं पाय धुवायला वीस रुपये घ्यावेत? आणलेले जार खोलीवर राहिलेले. मग म्हणलं, थांबा. माझ्या बापानं मला काय शिकवलंय ते दाखवते यांना.

वाघूर नदी उन्हाळ्यात कोरडी पडायची. तेव्हा आम्ही बायका-पोरी वाळूत हातानं खड्डा खणायचो, कोपरभर खोल. त्याला झिरा म्हणायचं. थोडं थांबलं की तळातून पाणी झिरपतं. वाळूनं गाळलेलं, निवळ, थंडगार. नारळाच्या नरोटीनं हळूहळू भरून घ्यायचं. नदीचं गढूळ पाणी जर वाळू गाळते, तर समुद्राचं मीठ का नाय गाळणार? माझा हिशेब एवढाच होता. आणि मला तो अजून चुकीचा वाटत नाय, वाळूच हलकी असंल.

पदर खोचला आणि बसले खणायला. शंभूची प्लॅस्टिकची खोरी होती, ती दोन घावात मोडली. मग हातानंच. शहाळीवाला लांबून ओरडला, "आजी, विहीर काढताय काय?" मी म्हणलं, व्हय, आणि पाणी फुकट वाटणार हाय. माणसं जमली. फोन बाहेर निघाले. शीतल तोंडावर हात धरून उभी, लाज वाटली असंल. कोपरभर खणलं, आणखी रुंद केलं, आणि आलं की पाणी तळातून. मी ओंजळ भरून तोंडात घेतली.

खारट. नुसतं खारट नाय, लोणच्याच्या बरणीत तोंड घातल्यासारखं. मी थुंकले आणि सगळा किनारा हसला. शहाळीवाल्यानं शहाळं खाली ठेवून पोट धरलं. संतोषसुद्धा हसला, कालपासून पहिल्यांदा. मला राग आला म्हणजे असा, की समुद्रालाच दोन शिव्या दिल्या.

आणि मागं वळते तर ओवी चटईवर नाय. ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती, आत बघत.

"आजी, हे पाणी कुठून आलं?"

"खालून."

"वरून नाय येणार?"

"नाय माय. झिऱ्याचं पाणी वरून येत नाय. गुपचूप येतं."

तिनं बोट बुडवलं. मग पंजा. मग म्हणाली, मोठा कर. मी खणत गेले, ती पण खणायला लागली, दोन्ही हातांनी, नखात वाळू. मी डोळ्यानंच सगळ्यांना सांगितलं, कुणी जवळ यायचं नाय, कुणी शाबास म्हणायचं नाय. जमलेली माणसं कंटाळून गेली, बरं झालं. तिनं एक पाय आत टाकला. मग दुसरा. मग हळूच खाली बसली. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत. मी शेजारी वाळूत बसून तिला वाघूरच्या गोष्टी सांगत राहिले, झिऱ्यावरून माझ्या चुलतीची आणि शेजारणीची कशी झोंबाझोंबी झाली ते सगळं. किती वेळ गेला कळलं नाय.

कळलं तेव्हा माझी साडी ओली होती.

आमचं धरणाचं पाणी जागा सोडत नाय. पाणी चालत येतं हे आम्हाला कुठलं माहीत? आटलेला समुद्र परत भरत आला होता. एक पातळ लाट वाळूवरून सरपटत आली, खड्ड्याच्या कडेवरून आत ओतली आणि ओवीच्या कमरेला लागली. मी उचलायला हात पुढं केला. मी तिला सांगितलं होतं गुपचूप येतं म्हणून, आणि आता हे. संतोष लांबून पळत निघाला होता.

ओवी किंचाळली नाय. तिनं श्वास आत ओढला, लाटेकडं बघितलं आणि चिडून म्हणाली, "विचारून ये."

आता लाटेचं काय, ती आली तशी मागं गेली. पण पोरीला वाटलं, ऐकलं हिनं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, व्हय, ऐकलं. मी खोटं बोलले का? मला तरी कुठं ठाऊक होतं ती कशी जाते.

ओवी पाण्याकडं बघत राहिली. दुसरी लाट लांब फुटत होती. मग ती हळूच म्हणाली, "ये."

आली. पोटाला लागली, गेली. परत म्हणाली, ये. परत आली. चौथ्या-पाचव्या वेळेला ती हसायला लागली आणि संतोष पाण्यात गुडघे टेकून बसला, लांबच, जवळ आला नाय. ओवीनंच त्याला बोलावलं. त्यालाही म्हणाली, आधी विचार. त्यानं विचारलं, येऊ का? ही म्हणाली, कान दाखव. कान बघितला, फुंकर मारली आणि मग ये म्हणाली. शीतल माझ्यामागं उभी राहून रडत होती. तिला म्हणलं, आधी चपला बघ. पण चपला कुठल्या? माझी उजवी गेली, चटई अर्धी वाहत होती, आणि उरलेले अकरा धपाटे डब्यासकट समुद्रानं नेले. नेऊ दे. निदान त्याला चांगलं खायला तरी मिळालं. आमच्या ताटात सुरमई घालणाऱ्यांना धपाट्याची चव काय समजणार.

आणखी एक दिवस राहिलो. दोन्ही वेळा समुद्रावर गेलो, आणि दोन्ही वेळा खड्डा मीच खणला. ओवी त्यातच बसली, त्यापुढं गेली नाय, डोकंही भिजवलं नाय. कुणी आग्रह केला नाय. निघताना वैनीनं सुपाऱ्या दिल्या, मी तिला राहिलेली चटणी दिली. चव बघून म्हणाली, आजी, आता हिच्याशिवाय राहवायचं नाही. ती बाई मला पटली. परतीच्या वाटेवर वाघोलीला पुन्हा दीड तास. एकूण खर्च सतरा-अठरा हजारांत गेला, एका चपलेसकट.

आता लोक विचारतात, जावं का? मला विचाराल तर समुद्रात बघण्यासारखं काय नाय. उकाडा, काटे, संडासाची खिडकी, आणि पाणी असं की ना प्यायला ना भांडी घासायला. जायचंच असलं तर शिदोरी न्या, जुन्या चपला घाला आणि तिथल्या माणसाला आधी विचारा की पाणी कधी वर येतं. आम्ही विचारलं नाय, आमचं नशीब बरं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. सकाळचे सहा. शीतल-संतोष दोघं कामावर जायच्या घाईत. पाणी भरायचं काम माझं. पाइप हातात घेतला, टाकीकडं निघाले, तर न्हाणीतून ओवीनं हाक मारली. ती कपड्यांच्या मोठ्या टबात बसली होती, कोरड्या.

"आजी, पाइप खाली ठेव. खालून येऊ दे."

मी पाइप टबाच्या तळाशी सोडला. पाणी चढायला लागलं, घोट्याला, मांडीला, कमरेला. ती बघत होती. मग तिनं कोनाड्यातला तांब्या घेतला, भरला आणि मला म्हणाली, तू भिंतीकडं तोंड कर.

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. फरशीचा एक कोपरा फुटलाय तिथं, तो बघत. बराच वेळ पाइपाचं पाणी टबातून वाहून मोरीला जात होतं.

"ये," ती म्हणाली.

आणि तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग नाकातून फूं केल्याचा. मग परत भरल्याचा. मी वळले नाय. दुसरा. तिसरा. चौथ्याला ती म्हणाली, आजी, आता साबण.

केस धुवून होईस्तोवर नळ गेला. शीतल डबा भरता भरता आतून विचारत होती, आत्या, टाकी भरली का? चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी नाय म्हणलं. पाच दिवस आता शेजारणीकडून घागरी आणायच्या. ती टोमणे मारल्याशिवाय देत नाय. मारू दे.